राणीचा मोरपंखी झगा

आधीच सांगून टाकते, माझा डोळा शाबूत आहे. लोकांचा जीव टांगणीला लावून ठेवायचं काम मालिकावाल्यांचं. मला ते जमत नाही आणि कुणी केलेलं आवडतही नाही. हे मी माझ्या हाताने लिहिते आहे, चष्मा लावून, बहरीनमध्ये, लेकीच्या जेवणाच्या टेबलाशी बसून. ओळी जरा उतरत्या येतायत, पण त्या आधीपासूनच तशा यायच्या.

मी मूळची कराडची. ब्लाउज शिवते. डावा डोळा माझा जन्मापासूनचा आळशी, त्याला उजेड-अंधार कळतो आणि दारात कुणीतरी आलंय एवढं कळतं, बाकी शून्य. काजं, बटणं, अस्तरं, गळ्याच्या पट्ट्या, सगळा संसार मी एकट्या उजव्या डोळ्यावर केला. त्यामुळे डोळे दोन असले तरी माझ्या हिशेबी तो एकच होता.

लेकीने हट्टाने बोलावलं म्हणून थंडीच्या दिवसांत व्हिजिट व्हिसावर आले. जावई अस्करकडच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर, शिफ्टची नोकरी. लेक एका ऑफिसात अकाउंटंट. घर तुबलीत, खाली ओळीने गॅरेजं, दिवसभर ठाकठूक चालू. आणि घरात नात, अकरा वर्षांची, उंच आणि काटकुळी. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीत. मी विचारायचे, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "येस आजी, आय एट." मी तिच्या तोंडाकडे आणि हातवाऱ्यांकडे बघून समजून घ्यायचे. तेवढ्यावर आमचं भागत होतं, पण भागणं म्हणजे काही बोलणं नव्हे. रात्री अंथरुणावर पडले की वाईट वाटायचं. एवढ्या लांब येऊन आपल्याच नातीशी खुणांनी बोलायचं म्हणजे काय!

आमच्यात एक मालिका आली ती हार्डडिस्कमधून. जावयांच्या कारखान्यातला एक इंग्रज साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाला. इथली पद्धत अशी की जाणारा माणूस घरातलं सगळं वाटून जातो. कुणाला फ्रिज मिळतो, कुणाला कुंड्या. आमच्या वाट्याला ती डबी आली, आणि तिच्यात ही एकच ब्रिटिश मालिका, पण सगळीच्या सगळी. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास सुरू झालेली, मधे बरीच वर्षं बंद पडलेली, पुन्हा सुरू झालेली आणि अजून चालू. गोष्ट अशी की एक विचित्र माणूस पेटीत बसून काळात हिंडतो. कधी मागच्या काळात जातो, कधी पुढच्या. मरायला टेकला की चेहरा बदलून ठणठणीत उठतो, म्हणजे नट बदलतात आणि मालिका चालू राहते. युक्ती चांगली आहे, मला पटली.

नात वेडी झाली होती तिच्यामागे. नवे रंगीत सीझन लावून बसायची. मी शेजारी बसले की दोन मिनिटांत म्हणायचे, "हा कोण? तो का पळतोय?" ती वैतागायची. शेवटी मीच म्हटलं, "हे बघ, मधूनच कुठूनतरी लावलेलं मला चालत नाही. पोथी कशी पहिल्या अध्यायापासून वाचतात? तसं पहिल्यापासून लाव."

"विच फर्स्ट, आजी?" ती म्हणाली. म्हणे पहिला सीझन एक नाही. बंद पडून पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी पुन्हा एकपासून आकडे घातले, आणि पुढे आणखी एकदा तसंच केलं.

"पहिला एकच असतो गं बाई," मी म्हटलं. "सगळ्यात जुना कुठला तो लाव."

म्हणून आम्ही अगदी मुळापासून, काळ्या-पांढऱ्यापासून सुरुवात केली. तिला ते संथ वाटायचं, तोंड वाकडं करायची. मला मात्र बरं वाटायचं. माणसं सावकाश बोलायची, दार उघडायला वेळ घ्यायची. मी उसवलेले परकर-पायजमे दुरुस्त करत बघायचे.

आणि त्याच दिवसांत डोळ्यासमोर काळे ठिपके नाचायला लागले. आधी वाटलं डास. मग कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. मी कुणाला बोलले नाही. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून आलेय, तिथे काय दुखणी काढत बसायची! एका सकाळी चहा ओतत होते, तर जावई एकदम ओरडले, "आई, थांबा, थांबा!" निम्मा चहा कपाबाहेर, ओट्यावर. मला उजव्या बाजूने काळा पडदा ओढल्यासारखा दिसत होता आणि कप त्याच्याआड गेला होता. जावयांनी शिफ्ट सोडली, मला गाडीत घातलं आणि सरळ दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीणबाई इथलीच, डोक्यावर स्कार्फ, हात गार आणि हलके. तिचं बोलणं जावयांनी मला समजावलं. डोळ्याच्या आत पडदा असतो, तो भिंतीपासून सुटला. ताबडतोब ऑपरेशन करायचं, आत गॅसचा बुडबुडा सोडायचा आणि मग पालथं राहायचं, म्हणजे तो बुडबुडा पडद्याला भिंतीशी दाबून धरतो. मला लगेच समजलं. सुटलेलं अस्तर परत चिकटेपर्यंत इस्त्री उचलायची नाही, तसंच हे. मी विचारलं, "दिसेल ना?" ती म्हणाली, "इंशाल्ला." मी विचारलं, "शिवता येईल ना?" पुन्हा "इंशाल्ला." मला असा राग आला! अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण तिच्या हातात तेवढंच होतं, हे पुढे कळलं.

ऑपरेशन झालं. त्यानंतरचे दिवस आठवले तरी मान दुखते. तोंड खाली, जेवताना खाली, बसताना खाली, झोपेतही खाली. दुसऱ्या डोळ्याने फरशी म्हणजे एक फिकट उजेड, बस. खालच्या गॅरेजात गाड्यांच्या सीटा शिवणारे एक उस्ताद होते, पेशावरकडचे. जावयांनी त्यांना सांगितलं तर त्यांनी सीटच्या फोमची गोल गादी करून दिली, मधे तोंडाला भोक, वरून मऊ कापड. मी बोटांनी शिवण चाचपून पाहिली. टाके एकसारखे होते. त्या गादीत तोंड घालून मी पडून राहायचे आणि एकच विचार करायचे, हा डोळा गेला तर मी काय करणार? कराडचं मशीन कुणाला देऊन टाकणार? आयुष्यभर लेकीच्या दारात हात धरून चालणार? रडायचीही चोरी, कारण डोळ्यात थेंब घातलेले.

लेकीने रजा काढली, पण रजा किती दिवस पुरणार. पुढे दुपारी शाळेतून आलेली नातच माझ्यापाशी असायची. पहिल्या दिवशी ती इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "बाळा, मला इंग्रजी येत नाही. एरवी तुझं तोंड बघून कळायचं, आता तोंडही दिसत नाही. मराठीत बोललीस तरच आपलं बोलणं आहे, नाहीतर ही गादी आहे आणि मी आहे."

तिने खुर्ची ओढून जवळ घेतली. मग म्हणाली, "आजी, तुला... टीव्ही पाहिजे?"

"ऐकायला पाहिजे. दिसतं ते तू सांग. आपण जिथे थांबलो तिथून."

अशी सुरुवात झाली. आवाज त्यांचा, चित्र तिचं. पण सांगायची ती अशी, "एक माणूस आहे. तो चालतो. आता थांबला." झालं! स्वतः बघण्यात दंग असायची आणि मी विचारलं की तुकडा टाकायची. मी चिडायचे. एक माणूस चालतो हे मला पावलांवरूनच कळत होतं.

दोन-तीन दुपारी गेल्या आणि एका भागाशी येऊन ती अडली. "आजी, हे... हे नको. पुढचं लावू?"

"का?"

"असंच. हे बोअर आहे."

माझी मान भरून आली होती, कंबर मोडली होती, आणि सकाळी डॉक्टरीणबाईने पुन्हा "इंशाल्ला" म्हटलं होतं. मी फणकारले, "गाळायचं नाही काही. पारायणात एक अध्याय गाळला की सगळं वाया जातं. मी हे माझ्या डोळ्यासाठी धरलंय असं समज. एक भाग गाळलास ना, तर डोळा यायचा नाही माझा."

तिने रिमोट खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, उठून गेली. मग हळूच म्हणाली, "ओके. लावते."

आणि काय सांगू, त्या दिवसापासून पोरीची जीभच सुटली! कुठल्याशा जुन्या राजदरबाराची गोष्ट होती, वाळवंट, तांडा, तंबू. ती म्हणाली, "एक राणी आहे. तो खूप रागवला आहे."

"ती."

"ती खूप रागवला आहे."

"बरं. घातलंय काय तिने?" मी विचारलं. शिंपीणच मी, दुसरं काय विचारणार.

ती थांबली. मग सावकाश म्हणाली, "लांब झगा. फरशीवर मागे येतो. कलर पीकॉकसारखा."

"मोरपंखी म्हण."

"मोरपंखी. आणि खाली गोल्डची लाइन."

"जरीचा काठ."

"जरीचा काठ. आणि तो झगा... ती चालते तेव्हा आवाज येतो, पाण्यासारखा."

मी गादीत तोंड खुपसून ऐकत राहिले. तंबूला कापड कसलं, उंटांच्या गळ्यात काय, राणीच्या दासीच्या नाकात केवढी नथ, सगळं सांगायची. शब्द अडला की मी द्यायचे, ती तो जिभेवर घोळवून पुढच्या वाक्यात वापरायची. ती गोष्ट कितीतरी भाग चालली. माझं दुखणं मी तेवढ्यापुरतं विसरायचे. मग ती संपून दुसरी लागली की पुन्हा "एक माणूस आहे, तो पळतो." पुढे कधीतरी पुन्हा एखादा भाग असा भरभरून यायचा. मी मनात म्हणायचे, पोरीचा मूड असेल. एका दुपारी जावई शिफ्टची झोप झाल्यावर चहाचा कप घेऊन दारात आले, तिचं मराठी ऐकत उभे राहिले आणि चाहूल न देता परत गेले. नंतर लेकीला म्हणाले, "हिला कधी यायला लागलं हे सगळं?"

आणखी एक नवीन सवय तिला लागली होती. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती फरशीवर उताणी पडून, खालून माझ्या डोळ्यात बघायची. मला वाटायचं, लाली किती उतरली ते बघतेय. मी म्हणायचे, "ऊठ, युनिफॉर्म मळेल."

मग एकदाची मान वर करायची परवानगी मिळाली. बुडबुडा अजून होता. अर्ध्या भरलेल्या खोबरेल तेलाच्या बाटलीत तेल हलतं ना, तशी एक रेघ डोळ्यात डुलायची, तिच्याखाली सगळं गढूळ. पण तिच्यावर दिसायला लागलं होतं! दिवसागणिक रेघ खाली सरकत गेली. नात समोर बसली की आधी तिचा भांगच दिसला, चार दिवसांनी कपाळ आणि भुवया, मग नाक, हनुवटी सगळ्यात शेवटी. बुडबुडा असेपर्यंत विमानात बसायचं नव्हतं, म्हणून जावयांनी डॉक्टरच्या पत्रावर व्हिसा वाढवून आणला. मी म्हटलं, "फार त्रास दिला तुम्हाला." ते म्हणाले, "आई, तुम्ही फक्त मान सांभाळा."

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईने बराच वेळ दिव्याने आत पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "गॅस खलास." पडदा घट्ट बसलाय, मोठी-मधली अक्षरं सगळी वाचली मी, अगदी बारीक तेवढी राहिली. "शिवू?" मी विचारलं. या खेपेला तिने इंशाल्ला म्हटलं नाही. हसली आणि "यल्ला!" म्हणाली. म्हणजे चल, लाग कामाला.

गाडीत बसले आणि मी जे भोकाड पसरलं! इतक्या दिवसांचं साठलेलं, थेंबांची भीती नाही, काही नाही, हमसून हमसून रडले. जावयांना काय करावं सुचेना. त्यांनी आधी टिश्यूचा डबा पुढे केला, मग एका चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला. पोऱ्याने गाडीतच करक चहा आणून दिला. दाट, गोड, वेलचीचा. मी तो कप स्वतःच्या हाताने, थेंबही न सांडता प्यायले. इतकं हलकं मला बाळंतपण उरकल्यावरच वाटलं होतं.

घरी येताना ठरवलं, पहिलं शिवायचं ते पोरीसाठी, आणि दुसरं काही नाही, राणीचा तो झगा. लेकीला घेऊन मनाम्याच्या बाजारात गेले. सिंध्याच्या दुकानात त्याने मोरपंखी म्हणून ताग्यांची चळत टाकली. एक हिरव्याकडे झुकणारा, एक निळ्याकडे, एकात जांभळी झाक. मला प्रत्येकातला फरक कळत होता. मी बोटं फिरवत नुसती बघत बसले. लेक म्हणाली, "आई, घे ना लवकर एखादं." मी हवा तो काढला, अंगावर टाकून पाहिला आणि तिथेच थबकले.

"अगं," मी म्हटलं, "ते भाग तर काळे-पांढरे होते."

"मग?"

"मग त्यात मोरपंखी कुठून आलं?"

लेक हसायलाच लागली. "तिच्या डोक्यातून, अजून कुठून!" मलाही हसू आलं. पोरीने रंग आपल्या पदरचा भरला तर भरला, त्यात काय एवढं. कापड घेतलं, जरीचा काठ घेतला आणि घरी आलो.

संध्याकाळी टेबलावर कापड पसरलं, खडू काढला आणि नातीला म्हटलं, "रंग राहू दे. तो भाग लाव बघू. कापणी कशी आहे ते मला पाहायचंय, बाही कशी, गळा कसा."

तिचा चेहरा पडला. आता मला तो पुरता दिसत होता. "नको ना आजी. उद्या."

"उद्या का? लाव."

तिने लावला. राणीचा आवाज मी लगेच ओळखला, तेच ओरडणं, तोच घंटानाद. पण पडद्यावर एक करडा फोटो. दोन माणसं उभी, हलत नाहीत, बोलत नाहीत. आवाज पुढे चालला होता आणि फोटो तिथल्या तिथे. बऱ्याच वेळाने दुसरा आला, तोही तसाच. त्यात राणीही नव्हती.

"बिघडलं का हे?" मी विचारलं.

"नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "याचं चित्र नाहीये आजी. कुणाकडेच नाही. तेव्हा त्यांनी टेप पुसल्या, परत वापरायला. असे पुष्कळ भाग गेले. फक्त आवाज राहिला. लोकांनी घरी टीव्हीपुढे रेकॉर्डर ठेवून घेतलेला."

"म्हणजे तंबू? उंट? ती नथ?"

"मी सांगितलं. माझं माझं."

मी खडू खाली ठेवला. "अगं मग म्हणायचं नाही का, की याला चित्र नाही? आपण पुढचा लावला असता."

"तू म्हणालीस, एक पण गाळला तर तुझा डोळा येणार नाही." ती रडायला लागली. "म्हणून मी गाळला नाही. पण खरं पण सांगितलं नाही. मी चीटिंग केली. आता... आता तो परत जाणार का, आजी?"

रोज सकाळी ती फरशीवर उताणी पडून काय बघत होती, ते मला तेव्हा कळलं. मी वैतागून बोललेलं एक वाक्य, आणि ही एवढीशी पोर ते इतके दिवस एकटीच वागवत होती. माझा बुडबुडा विरला, मी रडून मोकळी झाले, चहा प्यायले, आणि हिचा जीव अजून टांगलेलाच. मी तिला पोटाशी ओढलं. "कुठे जातोय तो? डॉक्टरीणबाईने पक्का बसवलाय. तुझ्यामुळे मी त्या गादीत तोंड घालून टिकले, नाहीतर केव्हाच मान वर केली असती. बघ, बघ माझ्या डोळ्यात. दिसतेस तू मला. नाकाला शेंबूड आलाय तोही दिसतोय."

ती रडता रडता हसली. बाहीला नाक पुसलं.

"आता कापडावर रडू नकोस, डाग पडेल," मी म्हटलं आणि खडू उचलला. "बाही कशी होती सांग."

"कुणाची?"

"राणीची. पाहिलीस तूच, मी कुठे पाहिली?"

तिने टीव्ही बंद केला. डोळे मिटले, थोडा विचार केला. मग म्हणाली, "पूर्ण. हाताच्या पण पुढे. बोटं दिसायची नाहीत. आणि ती रागवली की अशी झटकायची."

तिने हात झटकून दाखवला. मी बाही चार बोटं वाढवून आखली.